रस टिकवण्याचं शास्त्र आणि आपला जिल्हा



वसंतराव नाईक यांच्या स्मृतीला वाहिलेलं व्याख्यान यवतमाळात देताना बोलणाऱ्यावर एक जबाबदारी येते. १ जुलै १९१३ रोजी पुसद तालुक्यातल्या गहुली गावी जन्मलेला हा माणूस डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत महाराष्ट्राचा मुख्यमंत्री होता. त्याच काळात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांची उभारणी झाली. राहुरीचं १९६८ साली, अकोल्याचं १९६९ साली आणि परभणी-दापोलीची १९७२ साली. संकरित ज्वारी राज्यभर पोचली तीही याच वर्षांत. शास्त्र प्रयोगशाळेत अडकून राहिलं तर त्याचा उपयोग नाही आणि वावरात शास्त्र नसेल तर नुसत्या कष्टाला फळ नाही, हे त्यांनी धोरणातून दाखवून दिलं. म्हणून आज गौरवाची भाषणं बाजूला ठेवून शास्त्राचाच एक विषय तुमच्यासमोर मांडतो. विषय आहे फळांचा रस न तापवता, गाळून स्वच्छ आणि निर्जंतुक करण्याचा.

नाईकसाहेबांच्या पिढीपुढचा प्रश्न पिकवण्याचा होता. आपल्या पिढीपुढचा प्रश्न पिकवलेलं टिकवण्याचा आहे. आपला जिल्हा कापसाचा म्हणून ओळखला जातो आणि ते खरंच आहे. पण दारव्हा, नेर, दिग्रस या भागांत संत्र्याच्या बागा आहेत, मोसंबी आहे, काही ठिकाणी डाळिंब आहे. पैनगंगेच्या काठानं पुसद-उमरखेडकडे ऊस आहे. संत्रा बागायतदाराचं वर्ष दोन बहारांवर चालतं. आंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतात, मृग बहाराची फेब्रुवारीनंतर. बागेला ताण देण्यापासून फळगळ थांबवण्यापर्यंत वर्षभर जीव टांगणीला लागलेला असतो आणि शेवटी भाव ठरतो तो आठ-पंधरा दिवसांच्या आवकेवर. मोठं, चकाकीचं फळ कॅरेटमध्ये भरून बाहेर जातं. बारीक फळ, ज्याला आपल्याकडे चुरी म्हणतात, ते मातीमोल जातं. आपली संत्री घेणाऱ्या बांगलादेशानं संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवत नेलं तेव्हा विदर्भातल्या बागायतदाराला एक गोष्ट फार कडू रीतीनं कळली: बाजार एकाच दाराचा असेल तर ते दार लावायचा अधिकार दुसऱ्याच्या हाती राहतो.

यावर सगळेच सांगतात, प्रक्रिया करा, रस काढा. सांगणं सोपं आहे. पण संत्र्याचा रस काढून बाटलीत भरला आणि झालं, असं असतं तर विदर्भात गावोगावी रसाचे कारखाने दिसले असते. रस हा फार नाजूक पदार्थ आहे. फळाची साल फुटली की तिच्या आड सुरक्षित असलेलं सगळं उघडं पडतं आणि तीन गोष्टी एकदम सुरू होतात.

पहिली गोष्ट जिवाणू, यीस्ट आणि बुरशी. ही सालीवर, हातांवर, भांड्यांवर, हवेत सगळीकडे असतात. संत्र्याचा रस आंबट असल्यामुळे रोग करणारे बहुतेक जिवाणू त्यात वाढत नाहीत, पण यीस्टला आणि आंबटपणा सोसणाऱ्या काही जिवाणूंना तो मानवतो. रस फसफसतो, आंबतो, बाटली फुगते.

दुसरी गोष्ट विकरं, म्हणजे एन्झाइम. संत्र्याच्या रसाला जो दाट, ढगाळ रंग असतो तो पेक्टिनमुळे तरंगत राहिलेल्या बारीक कणांचा. फळातच असलेलं पेक्टिन मेथिलएस्टरेज नावाचं विकर त्या पेक्टिनची मोडतोड करतं. मग तळाला साका बसतो आणि वर पातळ, निर्जीव पाणी राहतं. रसवंतीवरचा उसाचा रस थोड्याच वेळात काळपट पडतो, तीही विकरांचीच करामत.

तिसरी गोष्ट खास आपल्या संत्र्याची आहे आणि ती तुम्ही घरी करून पाहावी अशी माझी विनंती आहे. चांगलं पिकलेलं नागपुरी संत्रं घ्या. बिया, पांढरी साल आणि पाकळीच्या आवरणासकट मिक्सरमधून काढा आणि गाळून लगेच चव घ्या. रस गोड-आंबट, ताजा लागेल. त्यातला अर्धा पेला थोडा गरम करा, उरलेला झाकून ठेवा आणि काही तासांनी दोन्ही चाखा. दोन्हींत कडवटपणा आलेला असेल, गरम केलेल्यात जास्त. रसात बाहेरून काहीच पडलेलं नसतं. बियांत आणि पाकळीच्या आवरणात एक बेचव द्रव्य असतं. फळ अखंड असेपर्यंत ते आंबट रसापासून वेगळं राहतं. फळ चिरडलं की ते आम्लात मिसळतं आणि हळूहळू त्याचं लिमोनिन तयार होतं. लिमोनिन इतकं कडू की रसाच्या दहा लाख भागांत सहा भाग असले तरी बहुतेकांच्या जिभेला कळतं. संत्र्याचा रस काढून विकणाऱ्याचं नशीब या सहा भागांवर ठरतं. फळ जितकं कोवळं, तितकं हे द्रव्य जास्त, आणि पक्व होत जाईल तसं ते कमी होतं. म्हणजे आपल्याकडे रसासाठी शिल्लक राहते ती अपक्व चुरीच सगळ्यात कडू असते. हा पेच समजून घेतल्याशिवाय कारखान्याची इमारत उभारणं म्हणजे पायाआधी कळस चढवणं होय.

यातल्या पहिल्या दोन गोष्टींवर आजवर जगानं मुख्यतः एकच उपाय केला, उष्णता. लुई पाश्चर यांनी १८६०च्या दशकात दाखवलं की मद्य बेताचं तापवलं तर ते आंबवणारे सूक्ष्मजीव मरतात. १८६९ साली अमेरिकेत थॉमस वेल्च यांनी तीच रीत द्राक्षाच्या रसाला लावून न आंबलेला रस बाटलीबंद केला. तिथून रसाचा आधुनिक धंदा सुरू झाला. आजही संत्र्याचा रस काही सेकंद ९० अंशांच्या पुढे तापवून लगेच थंड केला जातो. सूक्ष्मजीव त्याहून कमी उष्णतेलाही मरतात, पण ते साका बसवणारं विकर चिवट असतं, म्हणून आच वाढवावी लागते. उष्णता स्वस्त आहे, खात्रीची आहे आणि लहान उद्योगाला परवडते. तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण तिची किंमत आपण मोजतो. ताज्या संत्र्याचा वास ज्या हलक्या, उडून जाणाऱ्या द्रव्यांनी येतो ती निघून जातात, शिजल्यासारखी चव येते, क जीवनसत्त्व काही प्रमाणात घटतं आणि लिमोनिनचा कडवटपणा लवकर प्रकटतो. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते त्याच्या चवीसाठी आणि वासासाठी. तेच आचेवर गमावायचं का, हा प्रश्न विचारायला हवा.

दुसरा मार्ग गाळण्याचा आहे आणि त्याचं मुख्य साधन यवतमाळ जिल्ह्याला नवं नाही. पांढरकवडा, झरी जामणी, घाटंजी या भागांतल्या अनेक गावांत जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड नसावं असं प्रमाण आहे. त्याहून जास्त असलेलं पाणी वर्षानुवर्षं पिऊन मुलांच्या दातांवर डाग पडले, मोठ्यांची हाडं दुखू लागली. म्हणून गावोगावी आरओची यंत्रं आली, वीस लिटरच्या कॅन आल्या. या आरओमधला मेम्ब्रेन, म्हणजे गाळणारा पातळ पडदा, आणि रस गाळणारा मेम्ब्रेन एकाच घराण्यातले आहेत.

घरच्या आरओचा मेम्ब्रेन बदलला की जुना भंगारात टाकतात. टाकण्यापूर्वी तो कापून पाहा, विद्यार्थ्यांनी तर पाहाच. मधोमध भोकं पाडलेली प्लास्टिकची नळी असते. तिच्याभोवती कागदासारखे पातळ पदर गुंडाळलेले असतात आणि प्रत्येक दोन पदरांमध्ये जाळी असते. पदराच्या तीन कडा चिकटवलेल्या आणि चौथी नळीकडे उघडी असते. पाणी जाळीवरून सरकत जातं, दाबामुळे त्यातलं शुद्ध पाणी पदराच्या आरपार होतं, पदराच्या आत फिरत फिरत मधल्या नळीत उतरतं. उरलेलं क्षारयुक्त पाणी दुसऱ्या टोकानं बाहेर पडतं. एवढ्याशा जागेत केवढा पृष्ठभाग बसवला आहे, हे ते पदर उलगडून जमिनीवर पसरल्यावर कळतं. प्रत्यक्ष गाळणारा थर मात्र डोळ्यांना दिसत नाही, कारण तो त्या पदरावर एका मिलिमीटरच्या कित्येक हजाराव्या भागाइतकाच जाड असतो.

असा पातळ थर बनवायची युक्ती १९६०च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि मूळचे भारतीय असलेले श्रीनिवास सौरीराजन यांना सापडली. त्यापूर्वीचे मेम्ब्रेन समुद्राच्या पाण्यातलं मीठ अडवत, पण पाणीही जवळजवळ थेंबथेंबच सोडत. या दोघांनी वर अतिशय पातळ दाट कातडी आणि खाली सच्छिद्र आधार असा दुहेरी मेम्ब्रेन केला. पाण्याचा प्रवाह कित्येक पटींनी वाढला आणि व्यवहारात वापरता येईल असं तंत्र जन्मलं. जिवाणू अडवणाऱ्या जास्त मोठ्या छिद्रांच्या मेम्ब्रेनचा इतिहास याहून जुना आहे. जर्मनीतल्या गॉटिंगेनमध्ये रिचर्ड झिगमॉन्डी यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तशा मेम्ब्रेनचं पेटंट घेतलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर उद्ध्वस्त शहरांतलं पाणी पिण्याजोगं आहे का हे तपासायला असे मेम्ब्रेन फार उपयोगी पडले.

या घराण्यात चार भावंडं आहेत. छिद्र किती मोठं यावर त्यांची वाटणी होते. सूक्ष्म गाळणीची छिद्रं साधारण एका मायक्रॉनच्या दशांशापासून काही मायक्रॉनपर्यंत असतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. यीस्टची पेशी पाच ते दहा मायक्रॉनची, जिवाणू बहुतेक अर्धा ते दोन मायक्रॉनचे. म्हणजे ही गाळणी त्यांना अडवते. तिच्याहून बारीक ती अतिसूक्ष्म गाळणी. ती पेक्टिन आणि प्रथिनांचे, म्हणजेच विकरांचे, मोठे रेणू अडवते, पण साखर, आम्लं, जीवनसत्त्वं आणि वासाची द्रव्यं सोडते. तिसरी नॅनो गाळणी आणि चौथी आरओ, जी जवळजवळ फक्त पाणीच सोडते. रस स्वच्छ करायला पहिल्या दोन उपयोगी, आणि रस आटवायचा असेल तर चौथी. दहा-बारा ब्रिक्सचा, म्हणजे शंभर भागांत दहा-बारा भाग विरघळलेली द्रव्यं, मुख्यतः साखर, असलेला संत्र्याचा रस आरओनं न तापवता साधारण पंचवीस-तीस ब्रिक्सपर्यंत घट्ट करता येतो. त्यापुढे रसाचाच परासरण दाब, म्हणजे पाणी परत ओढून घेणारा दाब, इतका वाढतो की पंपाला झेपत नाही.

रस गाळायचा म्हटल्यावर पहिली अडचण लगेच उभी राहते. चहाच्या गाळणीसारखा रस सरळ मेम्ब्रेनवर ओतला तर पाहता पाहता वर चोथ्याचा आणि पेक्टिनचा चिकट थर बसतो आणि प्रवाह थांबतो. म्हणून रस मेम्ब्रेनवरून आडवा, वेगानं फिरवतात. त्यातला काही भाग आरपार जातो आणि उरलेला तो थर धुऊन नेत पुन्हा टाकीत येतो. याला आडव्या प्रवाहाची गाळण म्हणतात. तरीही पहिल्या काही मिनिटांत प्रवाह झपाट्यानं घसरतो, मग कुठेतरी स्थिरावतो. त्या स्थिर प्रवाहावरच धंद्याचं गणित बसतं.

इथे मोसंबीवर झालेलं काम सांगायला हवं, कारण ते आपल्या फळावरचं आणि आपल्या देशातलं आहे. खरगपूरच्या आयआयटीत सिरशेंदू डे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात मोसंबीच्या रसावर सातत्यानं प्रयोग केले. आधी पेक्टिनेज हे विकर रसात मिसळून ठरावीक वेळ कोमट ठेवायचं. त्यानं पेक्टिनचे लांब धागे तुटतात, रस पातळ होतो, गढूळ कण एकत्र येऊन खाली बसतात. मग अतिसूक्ष्म गाळणीतून काढायचा. विकर किती, वेळ किती, उष्णता किती, याची सांगड त्यांनी बारकाईनं बसवली. पुढे गुवाहाटीच्या आयआयटीत केओलिन, म्हणजे चिनी मातीसारख्या स्वस्त मातीपासून भाजून केलेल्या सिरॅमिक मेम्ब्रेनमधून मोसंबीचा रस गाळून पाहिला गेला. प्लास्टिकच्या मेम्ब्रेनपेक्षा सिरॅमिक महाग असतो, पण तो वाफेनं, कडक अल्कलीनं धुता येतो आणि जास्त वर्षं टिकतो. साध्या मातीतून तो स्वस्त करता आला, तर लहान उद्योगाला दार उघडतं. कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेतही सिरॅमिक मेम्ब्रेनवर दीर्घकाळ काम झालं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उल्हास खारूल यांच्या गटानं पाणी निर्जंतुक करणारे अतिसूक्ष्म गाळणीचे मेम्ब्रेन विकसित केले. हे ज्ञान आपल्या दारात आहे.

आता संत्र्याकडे येऊ. मोसंबीचा किंवा डाळिंबाचा स्वच्छ, पारदर्शक रस लोक आवडीनं पितात. संत्र्याचा रस मात्र ढगाळच हवा असतो. तो पारदर्शक केला तर गिऱ्हाईक त्याला संत्र्याचा रस मानत नाही. मग संत्र्याला मेम्ब्रेनचा उपयोग काय? माझ्या मते या साऱ्या तंत्राचं सगळ्यात मोलाचं उत्तर इथेच आहे. रस अतिसूक्ष्म गाळणीतून काढला की त्याचे दोन भाग होतात. एकात स्वच्छ पाणीदार रस, ज्यात साखर, आम्ल, वास, जीवनसत्त्व आणि कडू लिमोनिनही असतं. दुसऱ्यात दाट गर, ज्यात विकरं, पेक्टिन आणि सूक्ष्मजीव असतात. स्वच्छ भाग खास रेझिनच्या, म्हणजे कृत्रिम राळेच्या मण्यांच्या, खांबातून सोडला की लिमोनिन रेझिनला चिकटून राहतं. गर असलेला रस त्याच खांबातून सोडला असता तर खांब तुंबला असता. म्हणून मेम्ब्रेन आधी लागतो. दुसरीकडे दाट गराचा छोटा भाग वेगळा तापवून त्यातली विकरं आणि सूक्ष्मजीव मारायचे आणि शेवटी दोन्ही पुन्हा एकत्र करायचे. सगळा रस तापवण्याऐवजी थोडासाच तापवावा लागतो, कडवटपणा जातो आणि वास बराचसा टिकतो. अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून ही पद्धत व्यापारी पातळीवर वापरात आली. संत्र्याच्या कडवटपणावर तोडगा शोधणाऱ्या प्रत्येक विदर्भीय उद्योजकानं आपल्या कारखान्याच्या आराखड्यात आधी ही जागा राखून ठेवायला हवी.

हे सगळं ऐकून तुम्हाला जिनिंग आठवली असेल, तर तुमचं बरोबर आहे. जिनिंगमध्ये सरकी आणि रुई वेगळी झाली की दोघींचा स्वतंत्र भाव होतो, दोघींचे स्वतंत्र रस्ते होतात. कापसाबाबत हे वेगळेपण आपण शंभर वर्षांपूर्वी शिकलो. यवतमाळच्या शकुंतला रेल्वेनं कापसाच्या गाठी भरभरून मूर्तिजापूरमार्गे बाहेर गेल्या. पण गाठीच्या पुढचं मोल दुसऱ्यांनी कमावलं. फळांबाबत हीच चूक पुन्हा होऊ नये.

आता निर्जंतुकीकरणाबद्दल, आणि इथे मला कडकपणानं बोलायचं आहे. औषधनिर्मितीत जिवाणू गाळण्यासाठी ०.२२ मायक्रॉनची गाळणी प्रमाण मानतात आणि एका अतिशय लहान जिवाणूचा प्रचंड भार तिच्यावर टाकून ती पारखतात. रसातलं यीस्ट आणि बुरशी ०.४५ मायक्रॉनची गाळणी अडवते. उष्णतेला न जुमानणारे बीजाणूही गाळणीत अडकतात. सफरचंदाच्या रसात, अगदी पाश्चरीकरणानंतरही जगणारा अ‍ॅलिसायक्लोबॅसिलस नावाचा जिवाणू रसाला औषधासारखा वास आणतो. १९८०च्या दशकात जर्मनीत तो लक्षात आला आणि तेव्हापासून रस उद्योगाची डोकेदुखी झाला आहे. बारीक गाळणी त्याला थांबवते, हा मेम्ब्रेनचा मोठा फायदा आहे.

पण गाळणीनं रस निर्जंतुक होतो तो त्या एका क्षणी. पुढचा नळ, पाइप, बाटली, झाकण यांतलं एकही अस्वच्छ असेल तर साऱ्या मेहनतीवर पाणी पडतं. तापवलेल्या बाटलीत गरम रस भरला की ती उष्णता बाटलीलाही साफ करते. थंड गाळलेल्या रसाच्या मागे अशी राखण नसते. त्यामुळे भरणी निर्जंतुक जागेतच झाली पाहिजे. प्रत्येक पाळीत गाळणीची अखंडता तपासली गेली पाहिजे, कारण एखादी बारीक चीरही हजारो जिवाणूंना वाट देते. १९९६ साली अमेरिकेत न तापवलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलायची एक घातक जात पसरली, अनेक लोक आजारी पडले आणि एका लहान मुलीचा जीव गेला. त्यानंतर तिथे नियम आला की रसातल्या घातक जिवाणूंची संख्या एक लाख पटींनी घटवणारी प्रक्रिया सिद्ध करून दाखवल्याशिवाय रस विकता येणार नाही. जमिनीवर पडलेली फळं वापरणं हा अशा प्रकरणांत नेहमीचा संशय असतो. म्हणून मी बागायतदारांना हात जोडून सांगतो, गळीचं फळ रसाला देऊ नका. चुरी द्या, पण झाडावरून तोडलेली, धुतलेली, पक्व चुरी द्या.

आणखी एक गोष्ट या जिल्ह्यात सांगितलीच पाहिजे. २०१७ साली कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन इथे शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती वेदना अजून ओली आहे. कीटकनाशकाचा रेणू साखरेच्या रेणूसारखाच लहान असतो. सूक्ष्म किंवा अतिसूक्ष्म गाळणी त्याला अडवत नाही. मेम्ब्रेन लावला की रस सर्व दोषांतून मुक्त झाला, असं समजणारा उद्योजक ग्राहकाला फसवतो आणि स्वतःलाही. फवारणीनंतर तोडणीपर्यंत सोडायचे दिवस बागेतच पाळावे लागतात. यंत्र ती चूक पुसू शकत नाही.

खर्चाचं म्हणाल तर मेम्ब्रेनची किंमत ही फक्त सुरुवात असते. खरा खर्च धुण्याचा आहे. रोजच्या कामानंतर कोमट अल्कली, मग आम्ल, मग भरपूर शुद्ध पाणी लागतं. घरच्या आरओचा पॉलिअमाइड मेम्ब्रेन तर क्लोरीनच्या पाण्यानं हळूहळू निकामी होतो, म्हणून कोणत्या मेम्ब्रेनला काय चालतं हे चालवणाऱ्याला माहीत असावं लागतं. दोन दिवस धुणं चुकलं तर थर घट्ट होऊन बसतो, आणि तो निघाला नाही की लाखोंचा मेम्ब्रेन वाया जातो. इथे शिकलेल्या हाताला पर्याय नाही. यवतमाळच्या मुलामुलींसाठी ही नोकरीची जागा आहे आणि ती मुंबई-पुण्याला जाऊन शोधावी लागू नये.

या साऱ्यातून मला तीन कामं दिसतात.

पहिलं, मोजमाप. दारव्हा, नेर, दिग्रसच्या बागांत बहाराच्या काळात दर आठवड्याला फळाचा ब्रिक्स, आंबटपणा आणि रसातलं लिमोनिन मोजलं जावं. कोणत्या आठवड्यात कोणत्या बागेतलं फळ रसाला लायक होतं याची नोंद झाली, तर कारखाना आणि बागायतदार दोघांनाही भाव ठरवायला खरा आधार मिळेल. आज चुरीचा भाव डोळ्यांनी ठरतो. उद्या तो आकड्यांनी ठरावा.

दुसरं, एक छोटं यंत्र. सूक्ष्म आणि अतिसूक्ष्म गाळणी, रेझिनचा खांब आणि लहान पाश्चरायझर असा संच जिल्ह्यातल्या एखाद्या शिक्षणसंस्थेत उभा करता येतो. आंबिया बहारात संत्री, हिवाळ्यात पुसदकडचा ऊस, मृग बहारात पुन्हा संत्री, मधल्या काळात मोसंबी आणि डाळिंब. एकाच पिकासाठी विकत घेतलेलं यंत्र वर्षातले आठ महिने गंजतं. चार पिकांसाठी राबवलेलं यंत्र स्वतःची किंमत फेडू शकतं. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था दोन्ही आपल्याजवळ आहेत. त्यांच्याकडून फळाचं ज्ञान घ्यावं आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतून यंत्राचं.

तिसरं, मालकी. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी स्वतःचा मोठा कारखाना उभा करण्याच्या आधी रसाच्या गुणवत्तेची मालकी मिळवावी. आपल्या फळात काय आहे हे कंपनीला माहीत असेल, तर ती कोणत्याही मोठ्या खरेदीदारासमोर ताठ मानेनं बसेल. तसं नसेल तर उद्या मोठ्या कारखान्यांचे बोर्ड लागले तरी आपण कच्चा माल पुरवणारेच राहू.

नाईकसाहेबांनी चार विद्यापीठं उभारली ती शेतकऱ्यानं प्रश्न विचारावा आणि शास्त्रानं उत्तर द्यावं म्हणून. आता प्रश्न आपण विचारायचा आहे. येत्या आंबिया बहाराच्या आधी जिल्ह्यातल्या एका शेतकरी कंपनीनं आणि एका महाविद्यालयानं एकत्र बसून लिमोनिन मोजण्याचा पहिला तक्ता आखावा. त्याला फार पैसा लागत नाही. फळांचे नमुने, एक प्रयोगशाळा आणि न चुकता दर आठवड्याला काम करणारी दोन-चार तरुण माणसं एवढं पुरे आहे. ती माणसं या सभागृहात बसली आहेत. उद्या सकाळी त्यांनी एकमेकांना फोन करावा आणि कामाला लागावं.